चिमटीत धरलेली लाइन

"तुम्ही यात पडू नका," असं राधा म्हणाली, त्याच क्षणी मी यात पडायचं ठरवलं.

प्रकरण इंटरनेटचं होतं. पुढच्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता राधाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, पीएच.डी.चा व्हायवा होता. घरून, कॉम्प्युटरवर. आणि आदल्या शनिवारी तिच्या गाइड सॅन्ड्रामॅडमबरोबर रंगीत तालीम चालू असताना मॅडमचा चेहरा पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजला, तो अर्ध्या तासानंतरही तसाच होता. बारा दिवसांपासून नेट असंच जात-येत होतं. फोन चालू, नेट बंद. कधी दोन्ही बंद. कधी दोन्ही इतके व्यवस्थित की आपल्यालाच काहीतरी भास झाला असावा असं वाटावं.

राधा एकसष्ट वर्षांची आहे. महापालिकेच्या शाळेतून मुदतीआधीच निवृत्त झाल्यावर तिच्या मैत्रिणी अजिंठ्याला गेल्या, ही विद्यापीठात गेली. विषय घेतला गिरणगावातल्या बायकांनी रचलेल्या ओव्यांचा. शीव ते करी रोड सात वर्षं ती म्हाताऱ्या बायकांच्या खाटांशी बसून ओव्या गोळा करत होती. व्हायवाची तारीख आधी दोनदा पुढे गेली होती. आता बाहेरचे परीक्षक रविवारी मुलीकडे परदेशी निघाले होते, ते थेट सहा महिन्यांसाठी. त्यात तीन आठवड्यांपूर्वी राधा जिन्यात घसरली आणि पायाला प्लास्टर. आमचं घर भोईवाड्यात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. म्हणजे ती कुठे जाऊ शकत नव्हती, जे काय व्हायचं ते घरातच व्हायला हवं होतं.

मोबाइलवरून का नाही, असं कुणीही विचारील. आम्हीही विचारलं होतं. आमच्या बिल्डिंगच्या तिन्ही बाजूंना राहायचे टॉवर आले आणि मोबाइलचा टॉवर जणू गेला. सिग्नल फक्त गॅलरीच्या शेवटच्या टोकाला, पाण्याच्या टाकीला पाठ टेकून उभं राहिलं तर येतो, आणि तोही बोलण्यापुरता. नवीन फायबर टाकायला आलेली माणसं, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे हे ऐकून जिन्यातूनच परत गेली. राहिली ती पंचवीस वर्षांपूर्वीची तांब्याची लाइन. फोन तिच्यावर आणि नेटही तिच्यावर.

मी सीताराम सकपाळ. सरकारी कचेरीत आवक-जावक शाखेत अधीक्षक म्हणून निवृत्त. चौतीस वर्षांच्या अनुभवावरून माझं असं ठाम मत आहे की या जगात कोणतीही गोष्ट नीट लिहिलेल्या कागदाशिवाय हलत नाही. नेट हलत नव्हतं, कारण अजून कुणी नीट लिहिलं नव्हतं. मी पाण्याच्या टाकीला पाठ टेकून आधी फोनवरून तक्रार नोंदवली, नंबर मिळवला आणि मग बसून दोन पानी सविस्तर पत्र तयार केलं. विषय, संदर्भ, मग मुद्दे.

रविवारी सकाळी मोबाइलवर संदेश आला. आपल्या दूरध्वनीवर संपर्क साधला असता प्रतिसाद मिळाला नाही, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. जो फोन बंद आहे म्हणून मी कळवलं होतं, त्याच फोनवर त्यांनी मला शोधलं होतं. राग यायला हवा होता, पण त्या 'सबब'वर माझी नजर खिळली. हल्ली हा शब्द कोण वापरतो? माझ्या मनात कंपनीबद्दल नकळत आदर निर्माण झाला. राधाने तो संदेश वाचला आणि प्रबंधाचं पुढचं पान उलटलं.

एव्हाना मजल्यावर बातमी पसरली होती. शेजारचा रॉक फरेरा आला. हा तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये होता आणि कोणतंही यंत्र त्याला इंजिनच वाटतं. त्याने मॉडेमवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि निदान केलं, की हे गरम झालं आहे. बंद करून तीस आकडे मोजायचे, मग चालू. आम्ही मोजले. मग साठ मोजले. मग त्याची बायको ॲन्टोनेट आली. तिच्या मते मॉडेम उंचावर हवा. तो कपाटावर चढला. समोरचे अप्पा परब आले आणि म्हणाले, की कपाट लोखंडी, लोखंड सगळं ओढून घेता. मॉडेम उतरला. पंखा लावून झाला. तोंड दर्याच्या बाजूला करून झालं. दुपारी एकच्या सुमाराला नेट आपोआप आलं तेव्हा मॉडेम साबुदाण्याच्या डब्यावर होता, म्हणून पुढचे दोन दिवस तो तिथेच राहिला आणि आम्ही साबुदाणा काढू शकलो नाही.

इथे एक सांगायला हवं. राधाच्या पायाला प्लास्टर बसल्यापासून घरातलं धुणं माझ्याकडे होतं. स्वयंपाकाचं बरंचसं ॲन्टोनेट बघत होती, पण धुणं मी मनावर घेतलं. मशीन चादरींना पिळून सुरकुत्या पाडतं, म्हणून चादरी मी हाताने धुवायचो आणि न पिळता, निथळत्या, ताणून मागच्या गॅलरीत वाळत घालायचो. वाळल्या की इस्त्री केल्यासारख्या दिसायच्या. ॲन्टोनेटने रॉकला बोलावून त्या दाखवल्या होत्या. रॉकने मला त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही.

सोमवारी दुपारी राधा झोपली होती, तेव्हा मी तांत्रिक बाजूकडे वळलो. टेलिफोनची तार जिथे घरात येते तिथे भिंतीवर एक पांढरी डबी आहे. ती उघडली. आत चार बारीक तारा, दोन स्क्रूंना लावलेल्या. सगळ्या धुळीने भरलेल्या. मी त्या सोडवल्या, स्वच्छ पुसल्या, सुखावून दोन पावलं मागे सरून पाहिलं, आणि तेव्हा लक्षात आलं की कोणती कुठे होती याची नोंद आपण केलेली नाही. चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या माणसाने. मी अंदाजाने जोडल्या. रिसीव्हर उचलला. आतापर्यंत निदान खरखर तरी होती. आता इतकी शांतता होती की स्वतःचा श्वास ऐकू आला. मी डबी बंद केली, स्क्रू घट्ट आवळले आणि राधाने डोळे उघडल्यावर तिला सांगितलं, की बिघाड बाहेरच आहे.

मंगळवारी पत्र घेऊन स्वतः एक्सचेंजमध्ये गेलो. चार मजली दगडी इमारत, रुंद जिने, आणि आत माणूस नाही. पंखे मात्र फिरत होते. तिसऱ्या मजल्यावर एका टोकाला एक साहेब सापडले. त्यांनी पत्र घेतलं, वाचायला लागले, आणि मी पाहिलं की त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी पहिला परिच्छेद मोठ्याने वाचला. मग म्हणाले, की वीस वर्षांत असा मसुदा हातात आला नाही. त्यांनी खालून एका बाईंना बोलावून पत्र दाखवलं. मला चहा आला. मग साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि हळूच सांगितलं, की त्यांची आई सावंतवाडीला एकटी असते, दीड वर्ष बदलीचा अर्ज करतायत, पण अर्जाला वजन येत नाही. मी अर्ज मागितला. तो अर्ज नव्हताच, ते गाऱ्हाणं होतं. मी कोट काढून बसलो. पावणेदोन तासांत नवीन अर्ज तयार केला, सोबत जोडपत्र अ आणि ब. साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी परळच्या नाक्यापर्यंत मोठ्या समाधानात चालत आलो आणि तिथे आठवलं, की आपल्या टेलिफोनचं काय, हे विचारायचं राहिलं.

परत गेलो. साहेब ओशाळले. त्यांनी सांगितलं, की पूर्वी या भागाला एकोणीस लाइनमन होते, आता शीवपर्यंत मिळून एकच तंत्रज्ञ आहे, पण ती चांगली आहे. त्यांनी माझ्यासमोर तिला फोन लावला. "सगळं सोडून उद्या जा," ते म्हणाले, "माणूस आपला आहे."

ती म्हणजे नम्रता तांबे. बुधवारी दुपारी आली. बत्तीस-तेहतीस वर्षांची, पाठीवर काळी सॅक, कमरेला पक्कड, आणि खांद्याला अडकवलेला जाडजूड पिवळा फोन, ज्याला दोन चिमटे होते. भिंतीवरच्या तसबिरींकडे नजर गेली तशी "जय भीम, काका" म्हणाली आणि सरळ पांढऱ्या डबीकडे गेली. ती उघडून तिने आतल्या तारा निरखल्या.

"ही कोणी उघडली होती?"

मी म्हटलं, की कंपनीचा कोणी येऊन गेला असावा.

"यांनी," राधा पलंगावरून म्हणाली. तिला सोमवारपासून ठाऊक होतं. "मी झोपले नव्हते."

नम्रता हसली नाही, हे तिचे माझ्यावर उपकार. दोन मिनिटांत तारा बदलल्या, पिवळ्या फोनचे चिमटे लावले, ऐकलं, मान डोलावली. डायलटोन आला. नेटही आलं. मी आभाराचं बोलायला सुरुवात केली तेव्हा ती म्हणाली, की हे काकांचं काम निस्तरलं, मूळ बिघाड अजून आहे. कधी जातं, कधी येतं?

मी माझी दोन पानी तक्रार पुढे केली. राधाने उशीखालून वही काढली. त्या वहीत गेल्या सोळा दिवसांचे रकाने होते. तारीख, नेट गेल्याची वेळ, परत आल्याची वेळ, शेरा. सकाळी नऊ-साडेनऊला जातं. दुपारी साडेबारा-एकला येतं. मागच्या मंगळवारी गेलंच नाही, शेरा: त्या दिवशी पाणी आलं नव्हतं. ढगाळ दिवशी यायला तीन वाजले. खाली तिने लिहिलं होतं: बिघाडाचा उन्हाशी संबंध असावा, कारण माहीत नाही.

नम्रताने ती पानं दोनदा वाचली. मी तीस वर्षांहून जास्त काळ या बाईबरोबर संसार केला आहे, पण कुणाला तिची वही अशी वाचताना पाहिलं नव्हतं. "बाई, अशी तक्रार कुणी दिली ना," नम्रता म्हणाली, "तर माझं अर्धं काम होतं. मी उद्या नऊ वाजता येते. बिघाड चालू असताना बघू."

माझी दोन पानं टीपॉयवर पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होती.

गुरुवारी ती नऊला आली तेव्हा मी बादली घेऊन मागच्या गॅलरीत होतो. पाव्हणी आली म्हणून काम सोडून धावत जाणं बरं दिसत नाही. मी पहिली चादर टाकली, ताणली. दुसरी टाकली. आतून राधाचा आवाज आला, की नेट गेलं. मी तिसरी उचलली तेवढ्यात नम्रता गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली. तिने चादरींकडे पाहिलं, मग त्या ज्या दोरीवर होत्या तिची दोन्ही टोकं कुठे गेलीत ते पाहिलं.

"काका, ही दोरी कोणी बांधली?"

मी सांगितलं, की बांधायला कशाला हवी, होतीच. चांगली मजबूत काळी दोरी आहे, रंगही लागत नाही.

तिने पुढे होऊन दोन्ही चादरी अलगद उचलल्या आणि खांद्यावर घेतल्या. तिचा खांदा भिजून गेला. आतून राधा म्हणाली, "आलं."

मी हातातली तिसरी चादर परत बादलीत टाकली. मजल्यावरच्या सगळ्यांना यावर बोलायला नंतर बराच वेळ मिळाला. रॉकने तर ॲन्टोनेटला बोलावून ती काळी दोरी, म्हणजे टेलिफोनची तार, दाखवली, आणि चादरींचा हिशेब चुकता केला. मला सगळ्यात जास्त लागलं ते राधा हसली नाही याचं. तिने वहीत शेरा लिहिला: कारण सापडलं. आणि मग मला हाक मारून म्हणाली, "चादरी मात्र खरंच छान वाळायच्या हो."

नम्रताने दुपारपर्यंत ती तार बदलली. ताण खाऊन आतून पार निकामी झाली होती. जाताना म्हणाली, की खाली पहिल्या मजल्याच्या वळणावर कंपनीचा जो लोखंडी डबा आहे, तिथपर्यंत ओढ गेली असणार. आतल्या तारा जुन्या, ठिसूळ. तिथे नवीन कनेक्टर लावायला हवेत, ते स्टोअरमधून शनिवारी मिळतील. तोवर चालेल बहुतेक.

शुक्रवारी पावणेअकराला राधा प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून, निळी साडी नेसून कॉम्प्युटरसमोर बसली. मला खोलीत थांबायची परवानगी नव्हती. मला गॅलरीच्या टोकाला, मोबाइल घेऊन, टाकीपाशी नेमलं होतं. काही झालंच तर. बरोबर अकराला सुरू झालं. आतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. अकरा वाजून बावीस मिनिटांनी आवाज थांबला. मी आत डोकावलो. पडद्यावर पाच विद्वान थिजले होते.

मी जिना उतरायला लागलो. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं. पहिल्या मजल्याच्या वळणावर लोखंडी डबा उघडा होता आणि त्याच्यापुढे नम्रता गुडघ्यावर बसली होती. तिची त्या दिवशीची सगळी कामं शीवला होती. ती साडेदहालाच येऊन तिथे बसली होती, वर काहीही न सांगता.

"तुटली," ती म्हणाली. "पीळ घातला, परत तुटली. आता नखाएवढीच उरलीय, पीळ घालायला जागा नाही. चिमटे लावले तर घसरतायत." मग वर बघून म्हणाली, "काका, चिमटीत धरली तर नेट नाही चालणार, पण बोलणं जाईल. त्यांना सांगा, घरच्या नंबरवर फोन करा. आणि बाईंना सांगा, पहिल्या रिंगला उचला."

पासष्टाव्या वर्षी मी दोन मजले किती वेळात चढलो ते लिहीत नाही, कुणाचा विश्वास बसणार नाही. राधाला सांगितलं. टाकीपाशी जाऊन सॅन्ड्रामॅडमना फोन लावला. त्यांनी अध्यक्षांना विचारलं. उमेदवार सगळ्यांनी बावीस मिनिटं प्रत्यक्ष पाहिली आहे, आवाज तोच आहे, बाहेरच्या परीक्षकांची हरकत नसेल तर पुढे चालू, असं ठरलं. परीक्षकांची हरकत नव्हती. वाटेत रॉक भेटला. त्याला एवढंच सांगितलं, की एक्सचेंजमधून कनेक्टर हवेत. तो चप्पल न घालताच स्कूटरकडे गेला. मी परत खाली.

नम्रताने दोन्ही हातांच्या चिमटीत दोन जोड धरले होते. तिने मला पिवळा फोन उचलायला सांगितला. त्याचे चिमटे घराकडे जाणाऱ्या बाजूला लावलेले होते, म्हणजे लाइन चालू आहे की गेली ते ऐकता येईल. तिचे हात अडकलेले, म्हणून मी तो तिच्या कानाशी धरायचा. एवढ्यात ती एकदम ताठ झाली. ओठ घट्ट मिटले, दोन्ही दंड थरथरले, पण बोटं सुटली नाहीत. वर आमच्या घरात घंटी वाजत होती. मला तेव्हा कळलं, की घंटी वाजते तेव्हा तारेतून करंट येतो, आणि पहिल्या रिंगला उचला हे तिने का सांगितलं होतं. राधाने उचलला. नम्रताने श्वास सोडला.

"मी धरतो," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. बहुधा तिला डबी आणि चादरी, दोन्ही आठवल्या असाव्यात. "तुम्ही फोन धरा," ती म्हणाली.

म्हणून मी फोन धरला, आमच्या दोघांच्या कानांच्या मध्ये. अशा रीतीने जिन्यात गुडघ्यावर बसून मी माझ्या बायकोची परीक्षा ऐकली.

तो प्रबंध मी तीनदा तपासला होता. समास, पानांचे क्रमांक, शीर्षकाखालच्या रेघा. चारशे बारा पानांत एक आकडा चुकीचा नव्हता आणि त्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. त्यात काय लिहिलं आहे, हे वाचायचं मात्र राहून गेलं होतं. बाहेरचे परीक्षक एका ओवीबद्दल विचारत होते. चंद्रभागाबाई नावाच्या गिरणी कामगार बाईंची ओवी. त्यांनी ती सावकाश वाचली:

शाळंला जातं बाळ, पाटी घेऊन काखंत
माझं नाव लिहून दाव, मग भाकर ताटांत

परीक्षकांचा प्रश्न असा होता, की इथे भाकरी ही लाच आहे की धाक आहे? आई उपाशी ठेवायचं भय घालून मुलाला अभ्यासाला बसवते आहे का?

"दोन्ही नाही, सर," राधा म्हणाली. तिचा आवाज मी रोज ऐकतो, पण तो हा नव्हता. "चंद्रभागाबाई पगाराला अंगठा उठवायच्या. स्वतःचं नाव त्यांनी कधी लिहिलेलं पाहिलं नव्हतं. त्या बाळाला, शीक, असं म्हणत नाहीयेत. माझं नाव मला दाखव, म्हणतायत. या ओवीत बाळ मास्तर आहे आणि आई विद्यार्थिनी. भाकर ही त्या मास्तरांची दक्षिणा आहे. त्या घरात देण्यासारखं तेवढंच होतं."

फोनमध्ये कुणी काही बोललं नाही. मला वाटलं लाइन गेली. मी घाबरून नम्रताच्या बोटांकडे पाहिलं. बोटं जागेवर होती. तिचे डोळे मात्र डब्यावर नव्हते.

मग परीक्षकांनी विचारलं, की बाळ म्हणजे मुलगा की मुलगी? प्रबंधात याचं उत्तर दिलेलं नाही.

"मला माहीत नाही," राधा म्हणाली.

 चौतीस वर्षांत मी एकाही कागदावर 'माहीत नाही' असं जाऊ दिलं नाही. 'माहिती संकलित करण्यात येत आहे' असं लिहायचं, हे मी तिला सांगायला हवं होतं.

"या ओवीच्या पुढे आणखी ओवी होती, असं चंद्रभागाबाईंनी मला सांगितलं होतं," राधा बोलत होती. "त्यांना ती आठवत नव्हती. मी सात वर्षं शोधली. ज्यांना येत असेल त्या बहुतेक आता नाहीत. मुलगा असेल असं धरून चालणं सोपं होतं, पण मला ते धरायचं नव्हतं. म्हणून जागा मोकळी ठेवली."

त्या वेळी मला नम्रताचे ओठ हललेले दिसले. ती काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं परत करंट आला. मी विचारलं, तर तिने मान हलवून मला गप्प राहायला सांगितलं.

आणखी पंचवीस मिनिटं चाललं. नम्रताच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती, कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तो मी माझ्या रुमालाने पुसत होतो. जिन्यातून जाणारे-येणारे आम्हाला ओलांडून जात होते. अप्पांनी वर थांबून, काय चाललंय, ते विचारलं आणि उत्तर ऐकून ते घरातून पाणी घेऊन आले. शेवटी अध्यक्षांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, की समिती एकमताने राधा सीताराम सकपाळ यांना पदवी देण्याची शिफारस करत आहे. टाळ्या वाजल्या. फोनवर पाच जणांच्या टाळ्या पत्र्यावर पाणी पडावं तशा ऐकू येतात. 

नम्रताने चिमटी सोडली. म्हणजे सोडायचा प्रयत्न केला. बोटं उघडेनात. मी एकेक करून ती सोडवली. ती बोटं सोडवताना मला काहीतरी बोलायचं होतं. आभाराचे सतरा नमुने मला पाठ आहेत. त्यातला एकही आठवला नाही.

तेवढ्यात रॉक अनवाणी पायांनी जिना चढून आला. एका कनेक्टरऐवजी साहेबांनी स्टोअर उघडून पिशवीभर दिले होते, शिवाय त्यांचा निरोप, की अर्ज वर गेला आहे. नम्रताने पाच मिनिटांत जोड पक्का केला, डबा बंद केला, आणि सॅक उचलून खाली जाण्याऐवजी वर निघाली.

राधा रिसीव्हर हातात घेऊन तशीच बसली होती. ॲन्टोनेट तिच्या गळ्यात पडून रडून झाली होती. नम्रता दारात थांबली.

"बाई, ती ओवी माझी आजी म्हणायची. करी रोडला, गिरणीच्या चाळीत. तिला पुढची येत होती."

राधाने रिसीव्हर खाली ठेवला.

नम्रताने नजर जमिनीवर ठेवून, गायल्यासारखी नव्हे, नुसती म्हटली:

नाव लिहिलं लेकीनं चुलीपुढच्या मातीत
किती दिस झालं तरी केर नाही मी काढीत

 राधाचे ओठ 'लेकीनं' म्हणाले, आवाज आला नाही. मग तिने मला हात करून वही मागितली, पेन मागितलं, नम्रताला स्टूल ओढून बसवलं, स्वतःचा प्लास्टरचा पाय त्यासाठी खाली जमिनीवर ठेवला. आजीचं पूर्ण नाव. गाव. गिरणीत कोणत्या खात्यात होती. नम्रता सांगत होती, दुखरी बोटं दुसऱ्या हाताने चोळत. राधा लिहीत होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा समासाकडे न बघता ती काय लिहिते आहे ते वाचत होतो.

टेलिफोन वाजला. खणखणीत, स्वच्छ. नातेवाइकांना कळलं असणार. थांबला, परत वाजला.

"अहो," राधा मान वर न करता म्हणाली, "तो रिसीव्हर जरा काढून ठेवता का? आम्हाला ऐकू येत नाहीये."

मी काढून ठेवला.